आमची वाटचाल : विक्रीच्या काउंटरवरून घरोघरी

लातुरात औसा रोडला आमचं कॉम्प्युटरचं दुकान २००७ साली सुरू झालं. तेव्हाचा धंदा सरळ होता. असेंबल केलेला पीसी विकायचा, प्रिंटरचं कार्ट्रिज भरून द्यायचं, एमएस-सीआयटी करणाऱ्या लेकरांना घरी सरावासाठी जुना सेट स्वस्तात लावून द्यायचा. इंटरनेट टेलिफोनच्या वायरीवरून यायचं आणि मोडेमची वायर थेट सीपीयूत जायची. आज आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच : "मोबाइलवर नेट चालतंय, कॉम्प्युटरवर चालंना." या तक्रारीचं मूळ शोधायला आम्ही मनापासून शिकलो आणि आमचं दुकान त्यावरच उभं राहिलं, असं मी मानतो.

वळण आलं ते मार्च २०२० मध्ये. लातूर हे क्लासेसचं गाव. लॉकडाऊन लागला, बाहेरगावची पोरं सामान बांधून घरी गेली आणि अभ्यास घरातल्या स्क्रीनवर आला. ऑफिसातले डेस्कटॉप घरी गेले, हॉलमधले बेडरूममध्ये गेले. जागा बदलली, पण वायर तिथवर जाईना. मग जो तो वाय-फायचा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचून पीसीला वाय-फाय देणारा छोटा तुकडा, मागू लागला. दुकानाचं शटर खाली होतं, बाहेर जाता येत नव्हतं. दुकानाचा मोबाइल माझी बायको घ्यायची. तिनं कॉम्प्युटरचं कुठलं शिक्षण घेतलेलं नाही, पण पहिला प्रश्न तिनंच पक्का केला : "काका, कॉम्प्युटरच्या शेजारीच उभे राहा, मोबाइलचा डेटा बंद करा आणि वाय-फायवर काहीतरी उघडून बघा."

हा प्रश्न फार मोलाचा आहे. मोबाइलवर नेट चालतंय असं लोक सांगतात तेव्हा ते बऱ्याचदा सिमच्या डेटावर चालत असतं आणि घरातलं कनेक्शन सकाळपासून बंद असतं. डेटा बंद करून तिथंच मोबाइलवरही काही उघडलं नाही, तर कॉम्प्युटरला हात लावायचं कारण नाही. फायबरच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकत असेल तर वायर कुठंतरी तुटलेली असते, कंपनीला फोन करायचा. हॉलमध्ये चालतं आणि कॉम्प्युटरजवळ चालत नाही, तर दोष अंतराचा किंवा भिंतीचा. मोबाइलवर जोरात चालतं आणि कॉम्प्युटर तेवढा अडतो, तर आमचं काम. त्या दिवसांत निम्म्याहून अधिक लोकांचं काम फोनवरच झालं. त्याचे पैसे आम्ही घेतले नाहीत. त्यातली बरीच घरं आजही आमची गिऱ्हाइकं आहेत.

भिंतीबद्दल थोडं सविस्तर सांगावंसं वाटतं. औसा, निलंगा, उदगीर या जुन्या गावांत अजून माळवदाची घरं आहेत. दगड-मातीच्या भिंती इतक्या रुंद की कोनाड्यात माणूस बसावा. राउटर असतो पुढच्या खोलीत, टीव्हीमागच्या शोकेसमध्ये, कारण केबलवाला वायर तिथंच सोडून गेलेला असतो. कॉम्प्युटर असतो मधल्या खोलीत. राउटरच्या वाय-फायच्या दोन लहरी असतात. पाच गिगाहर्ट्झची लहर वेगवान खरी, पण अशा भिंतीत ती जिरते. २.४ गिगाहर्ट्झची सावकाश असली तरी तिच्यापेक्षा जास्त आत पोचते. याउलट १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीच्या आसपास पुनर्वसनात जी घरं झाली, त्यांच्या भिंती पातळ. तिथं एक राउटर घरभर पुरतो. म्हणून घर न बघता नवा, महागडा राउटर गळ्यात मारणं मला कधी पटलं नाही. शोकेसमधला राउटर काढून दाराच्या रेषेत उंचावर ठेवला की पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

डेस्कटॉपची स्वतःची अशी एक अडचण आहे. लोखंडी कॅबिनेट, तेही टेबलाच्या खालच्या कप्प्यात, पाठ भिंतीला टेकलेली आणि डोंगल नेमका त्या पाठीला. सिग्नलला यायला वाटच राहत नाही. त्यात डोंगल निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टच्या शेजारी असेल आणि तिथं हार्ड डिस्क चालू असेल, तर त्या पोर्टमधून निघणारा रेडिओ लहरींचा गोंगाट वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात येतो. फाइल कॉपी करायला लावली की नेट रडतं, कॉपी संपली की सुधारतं. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्यायची आणि डोंगल टेबलावर आणून ठेवायचा, एवढाच उपाय. मदरबोर्डवर, म्हणजे पीसीच्या आतल्या मुख्य पाटीवरच, वाय-फाय असलेले नवे पीसी येतात, त्यांच्या दोन अँटेना कितीतरी घरांत खोक्यातच पडलेल्या आम्हाला सापडल्या. मागच्या दोन सोनेरी टोकांवर त्या पिळून बसवल्या की शेजारच्या घरांची नेटवर्कंसुद्धा दिसू लागतात.

आणखी एक दोष आमच्या भागात पुन्हापुन्हा भेटतो. वाय-फाय जोडलेलं दिसतं, सिग्नल पूर्ण, पण बँकेची साइट उघडंना, मेल उघडंना. तेव्हा मी आधी खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख बघतो. ती कित्येक वर्षं मागची असते. मदरबोर्डवर नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो, सीआर२०३२. घड्याळ तो जपतो. विजेच्या भीतीनं आपल्याकडे लोक काम झालं की भिंतीवरच्या स्विचबोर्डाचं बटण बंद करतात. ते बरोबरच आहे, पण मग घड्याळाचा सगळा भार त्या सेलवर येतो. सेल संपला की तारीख मागे जाते आणि साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत त्या तारखेशी जुळत नाही म्हणून ब्राउझर ती उघडत नाही. दोष सेलचा आणि बोल राउटरला! बाजारात थोड्या रुपयांत मिळणारा हा सेल आमच्या प्रत्येक बॅगेत असतो.

काहीही झालं की "फॉरमॅट मारा" ही आपल्या भागातली सवय मोडायला आम्हाला बराच काळ लागला. फॉरमॅटनं फोटो जातात, टॅली जातं आणि वाय-फायचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, तेही जातं. मग नेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट येत नाही. अशा वेळी मोबाइल यूएसबी वायरीनं कॉम्प्युटरला जोडून टेदरिंग चालू करायचं, म्हणजे मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला मिळतं, आणि त्या नेटवर ड्रायव्हर घ्यायचा. दर थोड्या वेळानं वाय-फाय तुटत असेल, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवण्यासाठी वाय-फायचं कार्ड बंद करू देण्याची खूण काढून टाकायची. माझा धाकटा भाऊ आता हे सगळं बघतो. तो घरच्या माणसाला शेजारी बसवतो आणि काय केलं ते दाखवूनच उठतो.

आम्ही गिऱ्हाइकाला एक गोष्ट सांगतो, तिच्यात आमचा नफा कमी आहे. डेस्कटॉप जागचा हलत नाही, मग शक्य असेल तिथं त्याला वायरच द्या. कॅट ६ ची लॅन केबल शंभर मीटरपर्यंत चालते, घराला त्याच्या पाव भागही लागत नाही. महा-ई-सेवा केंद्र चालवणाऱ्यांना तर मी आग्रहच धरतो. पीक विम्याच्या शेवटच्या दिवसांत दारात शेतकऱ्यांची रांग असते, तेव्हा फॉर्म भरताना नेट तुटून चालत नाही. राउटरही इन्व्हर्टरवर घ्या, म्हणजे लाइट गेली तरी अर्ज अर्धवट राहत नाही.

आता आमच्यापुढचं काम जुन्या पीसींचं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. आमच्या गिऱ्हाइकांकडचे कित्येक पीसी विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ते सरसकट भंगारात काढा असं आम्ही सांगत नाही. कुणाचं काम लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टिमवर, भागतं, कुणाला मदरबोर्ड बदलून द्यावा लागतो. आधी मात्र लिनक्स पेनड्राइव्हवरून चालू करून त्यांचा डोंगल चालतो का ते तपासतो, कारण काही डोंगलना त्यावर ड्रायव्हर मिळत नाही. जे डोंगल चाललेले दिसतात, त्यांची वही भाऊ ठेवतो आहे. निलंग्याला आमच्यासोबत काम करणाऱ्या पोरालाही तिची एक प्रत दिली आहे.