तुम्ही विचारलंत म्हणून: पायथन येतं, पण प्रोजेक्ट जमत नाही

आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच, की दादा पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो, लूप झाले, फंक्शन झाली, क्लास पण झाले, पण स्वतःचं काही बनवायला बसलो की डोकं ब्लँक होतं, काय करू? दरवेळी अर्धवट उत्तर देतो, म्हणून आज सविस्तर.

माझं पण सेम होतं. दोन कोर्स झालेले, टू-डू लिस्ट बनवलेली, पण ती व्हिडिओ पॉज करत करत. व्हिडिओ बंद केला की रिकाम्या फाईलकडे बघत बसायचो, मग वाटायचं अजून काहीतरी शिकायचं राहिलंय, की घ्या तिसरा कोर्स.

सुटलो ते मेसवाल्या काकूंमुळे. पुण्यात मी जेवायचो तिथे साठेक मेंबर, हिशोब सगळा वहीत, आणि एक तारीख आली की खाड्यांवरून कटकट ठरलेली. मी सहज बोलून गेलो, काकू मी प्रोग्राम करून देतो. झालं, अडकलो.

मला वाटलं त्यात काय, महिन्याचे २५५० भागिले तीस, म्हणजे दिवसाचे ८५, गुणिले खाडे, वजा करा. दहा ओळी. काकूंना दाखवलं तर म्हणाल्या, अरे एका दिवसाचा खाडा धरत नाही आपण, सलग तीन दिवस पाहिजेत, ते पण आदल्या दिवशी सांगितलं असेल तर. मग रविवारी रात्री मेस बंद असते ती वेळ मोजायची का? आणि गावाला गेलेला दुपारी परत आला तर अर्धा दिवस? यावर त्या म्हणाल्या, ते मी माणूस बघून ठरवते. आता याचं इफ-एल्स, म्हणजे 'असं असेल तर हे, नाहीतर ते', कसं लिहायचं सांगा! शेवटी 'सूट' नावाचा एक कॉलम ठेवला, त्यात काकू मनाला येईल तो आकडा टाकतात. अख्ख्या प्रोग्राममधला हाच निर्णय मला अजून आवडतो, आणि तो कोडिंगचा नव्हताच.

सुरुवात मात्र एकदम फालतू केली, एक मेंबर, एक महिना, आकडे कोडमध्येच लिहिलेले, आणि शेवटी एक प्रिंट. लॉगिन नाही, वेबसाईट नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी लॉगिन पेज बनवायला घेता ना, तिथेच दम जातो.

मग खरी मजा. प्रोग्रामने काढलेली सीएसव्ही फाईल (साध्या मजकुरातला तक्ता) एक्सेलमध्ये उघडली तर मराठी नावांच्या जागी कचरा. फाईल बरोबरच होती, ती यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या एका पद्धतीत आहे हे एक्सेलला कळत नव्हतं, एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' दिलं की फाईलच्या सुरुवातीला ओळखीची खूण म्हणून तीन बाइट जास्तीचे लिहिले जातात आणि नावं नीट दिसतात. यात माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली.

त्याहून भारी म्हणजे साडेतीन दिवसांचे २९७.५० होतात, प्रोग्राम म्हणाला २९८, काकूंच्या वहीत पण २९८. साडेचार दिवसांचे ३८२.५०, तर प्रोग्राम म्हणतो ३८२ आणि वहीत ३८३! दोन रात्री डोकं खाल्लं. पायथनचा राउंड, म्हणजे आकडा पूर्णांकात करणारं फंक्शन, आकडा बरोबर अर्ध्यावर आला की जवळच्या सम आकड्याकडे जातो, आणि काकू सरळ वर जातात. राउंड मी कोर्समध्ये शिकलो होतो बरं का, क्विझमध्ये मार्क पण मिळाले होते.

तर माझं उत्तर एवढंच, की आयडिया शोधत बसू नका, आसपास कोणाची तरी वही शोधा, भिशी, दूध, सोसायटीचा मेंटेनन्स, काहीही, आणि त्या माणसाशेजारी तासभर बसून नुसतं विचारा की तुम्ही हे कसं करता. रुपया चुकला तर ओरडणारं कोणीतरी हवं. टू-डू लिस्टवर कोण ओरडणार?

काकू अजूनही वही ठेवतात. एक तारखेला दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघतात, आणि फरक आला की फोन मलाच.