हँडलची रबरी ग्रिप सैल आहे म्हणून गाडी घेऊन गॅरेजला कोणी येत नाही. चेन वाजते, धूर येतो, किक बसत नाही म्हणून येतात. आणि डावी ग्रिप फिरत असली तर वर्षानुवर्षं मुठीत आवळून चालवतात. अमळनेरात गॅरेज चालवताना हे रोज बघतो. पण ते आबा आले त्या दिवशी गाडी ढकलत आले, आणि ग्रिप त्यांच्या शर्टाच्या खिशात होती.

"भाऊ, हाई मूठ मना हातमा ई गयी," एवढंच बोलून ते बाकावर बसले. हात थरथरत होते. चोपड्याहून परत येताना तापीच्या पुलाच्या अलीकडे खड्डा लागला, हँडलला झटका बसला, स्वतःला सावरायला डाव्या हाताने जोर लावला आणि ग्रिप हँडल सोडून बाहेर आली. उजवा हात एक्सलेटरवर. गाडी कडेला मुरमावर गेली, पण पाय टेकवून त्यांनी ती उभी केली. समोरून ट्रक येत होता. पाणी पाजून मग गाडीकडे वळलो.

गाडी हिरो होंडा सीडी १००. १९८५ साली आलेलं हे मॉडेल खान्देशात अजून शेतावर चालतं. इंजिन ठणठणीत. डाव्या हँडलवर मात्र नुसता चिकटा. वर काळी इन्सुलेशन टेप, तिच्या खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा, त्याच्या खाली पुन्हा टेप. ब्लेडने एकेक थर सोलत गेलो. उन्हाने टेपचा गोंद पातळ झाला होता आणि ट्यूब त्यावरून घसरत होती. वैशाखात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्यात उभ्या गाडीचं काळं रबर हाताला चटका देतं. असल्या थरांचा तिथे काय टिकाव लागणार?

पण खरं कारण ग्रिपच्या आत होतं. हँडलच्या नळीला व्हर्निअर लावला, २२ मिलिमीटर. जशी हवी तशी. ग्रिपच्या आत मोजलं तर दोन-तीन मिलिमीटर जास्त. ती उजवी ग्रिप होती! उजवीकडे नळीवर एक्सलेटरचा प्लॅस्टिकचा पाइप असतो, त्यावर ग्रिप चढते, म्हणून तिचं भोक मोठं. वरून दोन्ही ग्रिप सारख्याच दिसतात. कोणीतरी दोन्हीकडे उजव्याच बसवल्या आणि डावीकडची पोकळी टेपने भरून काढली. शिवाय आत बोट घातलं तर तेलकट. सरकावी म्हणून ऑइल लावलेलं. ऑइल उडून जात नाही, आतच राहतं आणि रबर फुगवून मऊ करतं. ज्याने हे काम केलं त्याचा मला फार राग आला. पाच मिनिटं वाचवायला त्याने एका माणसाचा जीव टांगणीला लावला.

आबांना घाई होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर, लेकीला आणायला दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचं. "टेप मारी दे, आखाजीनंतर पाहू," म्हणाले. मी नाही म्हटलं. सोललेले थर त्यांच्यासमोर कागदावर ठेवले, ग्रिपमध्ये त्यांचंच बोट घालायला लावलं. मग त्यांनीच चावी माझ्या हातात दिली आणि एसटीने घरी गेले.

नळीवरचा गोंद रॉकेलने काढला, रॉकेलचा ओशटपणा पेट्रोलच्या फडक्याने पुसला. टोकाकडे गंज होता, तो पॉलिश पेपरने घासला. नवी जोडी उघडून आधी दोन्ही ग्रिपमध्ये बोट घालून डावी कोणती ते पाहिलं. नळी कोरडी झाल्यावर रबर चिकटवायच्या सोल्युशनचा पातळ हात दिला आणि ते ओलं असतानाच ग्रिप पिळत एका दमात आत नेली. इथे थांबायचं नसतं. ओलं आहे तोवर सोल्युशन सरकवतं, पकडायला लागलं की ग्रिप अर्ध्यावरच अडकते. मग रात्रभर हात लावायचा नाही.

उजवीकडे वेगळी काळजी. सोल्युशन पाइपच्या आत ओघळलं तर एक्सलेटर जाम. ग्रिपचं बंद टोक हँडलच्या टोकाला टेकलं तरी तो परत येत नाही, म्हणून तिथे थोडी फट ठेवली. जुनी ग्रिप फाडायची गरज नव्हती. कडेखाली कॉम्प्रेसरची हवा मारली आणि ती अलगद निघाली.

सकाळी हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून एक्सलेटर पिळून सोडला. दोन्हीकडे खटकन परत आला. आबांनी डावी ग्रिप दोन्ही हातांनी पिळून पाहिली, ओढून पाहिली. "आते हालत नही." पैसे देता देता म्हणाले, पुतण्याच्या गाडीचीही डावी मूठ फिरते, त्याच माणसाने बसवलेली आहे. म्हटलं, आबा, आजच पाठवा त्याला, आणि येताना हळू यायला सांगा.