तुम्ही विचारलंत म्हणून: आमची ट्रॉली गप्प का?

पिट्सबर्गच्या आमच्या घरी येणारे मराठी स्नेही खिडकीखालची लाल ट्रॉली रुळांवरून बोगद्यात जाताना पाहतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात: ‘मिस्टर रॉजर्स नेबरहूड’ या अमेरिकन बालमालिकेतली खेळण्यातली ट्रॉली (ट्रॅमगाडी) इतकी हुबेहूब केलीत, तर तिला आवाज का दिला नाहीत? ‘जमलं नसेल’ असे काही जण परस्पर ठरवूनही टाकतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आवाज जमला होता. मूळ ट्रॉली टोरोंटोच्या बिल फर्ग्युसन यांनी १९६७ साली लाकडातून हाताने घडवली. म्हणून मीही लाकूडच तासले, मालिकेचे जुने भाग थांबवून थांबवून पाहत प्रमाणे काढली आणि लॅट्रोब गावी, मालिकेचे कर्ते फ्रेड रॉजर्स यांच्या नावाच्या केंद्रात ठेवलेली ट्रॉली डोळे भरून पाहून आलो. रुळांतल्या विजेची दिशा उलटली की मोटर उलटी फिरते आणि गाडी तोंड न वळवता परत येते, हेही साधले. शेवटी तिच्या पोटात स्पीकर बसवून मालिकेत ट्रॉलीचा आवाज म्हणून वाजणाऱ्या पियानोचे ध्वनिमुद्रण जोडले.

मग मुलगा सुट्टीत घरी आला. लहानपणी, घरात मराठी आणि बाहेर इंग्रजी अशा दिवसांत, तो फारसा बोलत नसे. ट्रॉली पडद्यावर आली की मात्र उठून उभा राही आणि तिच्या किणकिणाटाला आपल्या सुरात उत्तर देई. प्रतिकृती त्याच्यासाठीच आहे, असे मी धरून चाललो होतो. त्याने ती काही वेळ इकडून तिकडे जाऊ दिली, बटण बंद केले आणि म्हणाला, “बाबा, ही दर वेळी तेच बोलते.” मला राग आला. आवाज मूळ भागातलाच आहे, असे मी चढ्या स्वरात सांगितले. त्यावर त्याने आठवण करून दिली की मालिकेचे पियानोवादक जॉनी कोस्टा चित्रीकरण चालू असतानाच स्टुडिओत पियानो वाजवत, समोर घडते ते पाहून. “ती माझं ऐकतेय असं वाटायचं, म्हणून मी उत्तर द्यायचो. हिला समोर कोण आहे तेच कळत नाही.” जेवताना तो विषय कोणीच काढला नाही, आणि तो परत जाईपर्यंत ट्रॉली चालली नाही.

त्यानंतर मी स्पीकर काढला. तरीही त्याचे म्हणणे मला पूर्ण पटलेले नाही, कारण तोही दूरचित्रवाणीवर ध्वनिमुद्रणच ऐकत होता. पण त्या ध्वनिमुद्रणात ट्रॉली निदान समोरच्या माणसाला उत्तर देत होती. माझी ट्रॉली रिकाम्या खोलीला देत होती. बाह्य रूप अचूक उतरले की प्रतिकृती पूर्ण झाली, असे पूर्वी मी ठामपणे म्हणत असे, आणि गाडी मुकी धावताना पाहून अजूनही कधी कधी तेच म्हणावेसे वाटते.

तेव्हा तुमच्यापैकी कोणाला पियानो किंवा पेटी येत असेल, तर पुढच्या वेळी ट्रॉली चालू असताना तिच्याकडे पाहत वाजवून बघा. स्पीकर परत बसवायचा की नाही, ते मी अजून ठरवलेले नाही.