भट्टीत गेलेली पितळी टाकी

सकाळी साडेनऊला दुकान उघडलं आणि खिडकीजवळचा खिळा रिकामा दिसला. आदल्या दिवशी तिथे एका गॅसबत्तीची पितळी टाकी आणि तिचाच लोखंडी सांगाडा, रंग काढून, धुऊन, एकाच तारेत ओवून टांगले होते. सांगाडा पावडर कोटिंगला, म्हणजे रंगाची पूड भट्टीत भाजून बसवायला, भोसरीला जायचा होता. टाकी माझ्याकडेच राहायची होती. रात्री घाईत पोतं मीच भरलं होतं. तार उचलली ती सगळीच उचलली गेली.

पुण्यात भवानी पेठेत माझं छोटं वर्कशॉप आहे. जुने स्टोव्ह, बत्त्या, कंदील यांचा रंग पूर्ववत करून देतो. बहुतेक माल ट्रेकवाल्यांचा असतो. त्याच पोत्यात एका जुन्या गिर्यारोहकांच्या स्वीडिश ऑप्टिमस स्टोव्हची निळी पत्र्याची पेटी होती. तिची काळजी नव्हती. ती नुसता पत्रा, भट्टीत गेली तरी तिला काही होत नाही. आतली पितळी टाकी मी आधीच काढून कपाटात ठेवली होती.

पावडर कोटिंगची भट्टी साधारण १८० ते २०० अंशांवर चालते, माल आत दहा-वीस मिनिटं राहतो. पितळी टाकीचं बूड मात्र डाखाने, म्हणजे कथील आणि शिशाच्या मिश्रणाने जोडलेलं असतं. हा डाख १८३ अंशांपासून मऊ पडायला लागतो. बाहेरून टाकी अखंड दिसते. सांधा घासून, रंगवून इतका एकजीव झालेला असतो की तो आहे हेच कळत नाही. मला माहीत होतं. कोटिंगवाल्याला माहीत असण्याचं काहीच कारण नव्हतं, आणि मी चिठ्ठीत लिहिलं होतं फक्त ‘सगळं काळं, ग्लॉसी’.

दोनदा फोन लावला. भट्ट्यांच्या आवाजात कोण उचलणार! स्कूटर काढली. नाशिक फाट्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा आठवलं की पंपाच्या नळीखाली मी रुपयाएवढा जुना रंग मुद्दाम न काढता ठेवला होता, मूळ हिरव्याचा पुरावा म्हणून. तोही त्या पोत्यात होता.

पोचलो तेव्हा भट्टीचं दार नुकतंच उघडलं होतं. हुकांना सांगाडे लटकत होते, त्यांच्यामध्ये टाकी. काळीकुळकुळीत, आरशासारखी चमकणारी, आणि बूड नसलेली. बूड खाली भट्टीच्या तळाशी पडलं होतं, बाजूला डाखाचे पांढुरके मणी. तिथला मुलगा म्हणाला, “साहेब, हा डबल पीस होता का? आम्हाला वाटलं एकच आहे.”

“चूक माझी आहे,” मी म्हणालो. त्याच्या शेठलाही तेच सांगितलं आणि सगळ्या मालाचे पैसे देऊन निघालो.

ही टाकी कोणाची, ते सांगायला हवं. सिंधुदुर्गातल्या एक ताई पुण्यात नोकरीला आहेत. त्यांचे वडील लग्नाच्या वरातीला, पालखीला आणि दशावतारी नाटकांना भाड्याने बत्त्या द्यायचे. गावात वीज आल्यावरही नाटकाच्या रात्री लोक बत्ती मागायचे, कारण रात्र संपेपर्यंत खेळ चालायचा आणि विजेचा भरवसा नव्हता. जत्रेत चार मालकांच्या बत्त्या एकत्र यायच्या. सकाळी आपापली ओळखून न्यायला प्रत्येकाने टाकीला स्वतःचा रंग दिलेला. यांच्या वडिलांचा हिरवा. पंधरा बत्त्यांपैकी ही एक उरली. कार्तिकी झाली की दशावताराचा हंगाम सुरू होतो, आणि गावच्या जत्रेत एका प्रवेशापुरती तरी ही बत्ती पेटवायची असं भावंडांनी ठरवलं होतं. माझ्या हातात एकवीस दिवस होते.

दुरुस्तीचं काहीतरी जमवून मग सांगावं, असं क्षणभर मनात आलं. पण भोसरीच्या रस्त्यावरच स्कूटर बाजूला घेतली आणि ताईंना फोन केला. काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

मग त्यांनी विचारलं, “दादा, बूड निघालं म्हणजे आतलं दिसतंय का?”

“हो.”

“आत कडेला जाडजूड डाख आहे का बघा. बाबांनी एकदा ती घरीच सांधली होती. आई ओरडली होती, रॉकेलच्या टाकीजवळ कसली शेगडी पेटवता म्हणून.”

मी पोत्यातून टाकी काढून बघितलं. भट्टीत बराचसा डाख वाहून गेला होता, तरी आतल्या बाजूला एका ठिकाणी बोटभर लांबीचा ओबडधोबड ओघळ चिकटून होता. त्यांना सांगितलं. “तेवढा राहू द्या,” त्या म्हणाल्या.

मी रंगाचा माणूस, जोडाचं काम करत नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीत एक काका आहेत, पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांच्या घरातले. त्यांनी टाकी उन्हाकडे धरली, आतला ओघळ बोटाने चाचपला. “डाख ओतलाय, ओढला नाही. पण धरून ठेवलंय हो त्याने.” मी तो ठेवायची विनंती केली. जोड देताना ती बाजू तापू नये म्हणून त्यांनी तिथे ओलं फडकं गुंडाळलं आणि उरलेला घेर नवसागर लावून, कथील ओढत, एका दमात फिरवला. एवढं सुबक काम मी फार कमी वेळा बघितलंय. त्याआधी काळी पावडर उतरवायला मला दोन दिवस लागले होते. जाळून निघाली असती, पण टाकीला पुन्हा आच दाखवायची नव्हती, म्हणून रसायनाचे चार हात. त्यात तो रुपयाएवढा हिरवा तुकडाही गेला.

टाकी तोंडापर्यंत पाण्याने भरून दाब दिला. हवा भरून तपासणं धोक्याचं, सांधा सुटला तर टाकी उडते. पाणी फक्त गळतं. रात्रभर ठेवली. सकाळी घेर कोरडा होता.

राहिला रंग. नशिबाने पहिल्या दिवशी मी पत्र्याच्या पट्टीवर नमुना जुळवून ठेवला होता. त्या टाकीवर तीन थर होते: वर चंदेरी, मध्ये निळा, तळाला हिरवा. पाणी लावून कडेने घासत गेलं की थर कांद्याच्या चकतीसारखे एकात एक दिसतात. (कोरडं मी कधीच घासत नाही. २०१७ पासून आपल्याकडे घरगुती रंगात दहा लाख भागांमागे ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. त्याआधीच्या रंगात किती असेल कोण जाणे, आणि ती धूळ पोटात जाते.) पुरावा गेल्यामुळे मी त्या पट्टीच्या आगेमागे आणखी दोन छटा केल्या आणि ताईंना दुकानात बोलावलं.

ट्यूबलाइटखाली त्यांनी माझी पट्टी बाजूला सारली. “हा नाही. हा सरकारी कपाटासारखा वाटतो.” बाहेर उन्हातही तेच. गडद पट्टीवर त्यांचं बोट थांबलं, पण तेही खात्रीने नाही. मी अडचणीत. नमुना मी टाकीसमोर धरून जुळवला होता, त्यात चूक नव्हती. आणि ज्यांच्या बाबांची बत्ती, त्या नाही म्हणत होत्या.

त्याच म्हणाल्या, “मी ही बत्ती दिवसा बघितलीच नाही हो कधी. दिवसा ती माळ्यावर असायची.”

दुकानात दुसऱ्या गिऱ्हाइकाची पेट्रोमॅक्स दुरुस्त होऊन पडली होती. शटर अर्धं ओढलं, दिवे घालवले, स्पिरिट टाकून ती तापवली, पंप मारला. मेंटल, म्हणजे उजेड देणारी जाळी, आधी पिवळं भडकलं, मग स्थिरावून पांढरं झालं आणि तो सूं सूं आवाज दुकानभर भरला. त्या उजेडात मी तिन्ही पट्ट्या टाकीच्या उंचीवर धरल्या. गडद पट्टी जवळजवळ काळी दिसायला लागली. माझी पट्टी मात्र बदलली; ट्यूबलाइटमध्ये फिकी वाटणारी ती आता ओल्या शेवाळासारखी दिसत होती.

“ह्योच!” ताई एकदम मालवणीत बोलल्या. “ह्योच तो.”

पितळेवर रंग सहजी धरत नाही, म्हणून आधी वॉश प्रायमरचा, म्हणजे धातूला पकड देणाऱ्या अस्तराचा, अगदी पातळ हात, मग हार्डनर घातलेल्या ऑटो पेंटचे दोन. दहा दिवस टाकीला हात लावला नाही. पूर्वी एकदा मी दोन दिवसांच्या रंगावर रॉकेल सांडलं होतं आणि तो कातड्यासारखा सुरकुतला होता. अकराव्या दिवशी बुडाखाली रॉकेलचं फडकं शंभरदा घासलं. फडकं पांढरं राहिलं, तेव्हा वायसर बदलून, बत्ती जोडून दोन तास पेटवली.

न्यायला ताई भावाला घेऊन आल्या. त्याने बत्ती उलटी करून बुडाच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. मी मजुरी घेतली नाही. तांबट काकांचे पैसे मात्र त्यांनी आग्रहाने दिले. जाताना ताईंनी उरलेला हिरवा रंग मागितला. “जत्रेत कोणीतरी आपटणारच,” म्हणाल्या. मी तो लोणच्याच्या छोट्या बरणीत भरून दिला, हार्डनर वेगळ्या बाटलीत, आणि चार भाग रंगाला एक भाग हार्डनर असं चिठ्ठीवर लिहून बरणीला चिकटवलं.