पाहुणा, सांधा आणि क्रॉसिंग

घरी पाहुणा आला की तो का आला, हे नागपुरात मागाहून विचारतात. आधी पोहे टाकतात. १९६६ साली अमेरिकन कॉमिक्समधल्या फँटॅस्टिक फोर या चार वीरांच्या दारात जो पाहुणा आला, त्याच्यापुढे मात्र कढईभर तर्री ओतूनही भागणारं नव्हतं. नाव गॅलॅक्टस, आकार अवाढव्य, आणि जेवायला हवी अख्खी पृथ्वी. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी या चौघांच्या मासिकाच्या ४८ ते ५० या तीन अंकांत ही गोष्ट रचली. देवासारखा पाहुणा आणि त्याच्यापुढे मुंगीएवढे वीर, हा साचा तेव्हापासून घासूनघासून गुळगुळीत झाला, पण मूळ ठसा अजून पाहण्यासारखा आहे.

त्यातली पहिली खुबी म्हणजे गॅलॅक्टस दुष्ट नाही, त्याला भूक लागली आहे. दुष्टाला बदडता येतं. भुकेल्याला बदडून काय होणार? चौघांतला सगळ्यांत दणकट बेन ग्रिम, त्याच्या मुठींचा इथे काडीचाही उपयोग नाही. काम होतं ते भलत्याच लोकांकडून. पाहुण्याचा पुढे धाडलेला दूत सिल्व्हर सर्फर हा ॲलिशिया या अंध शिल्पकार बाईशी बोलता बोलता विरघळतो आणि मालकावर उलटतो. ‘फक्त पाहीन, मध्ये पडणार नाही’ अशी शपथ घेतलेला वॉचर शपथ मोडतो आणि चौघांतल्या जॉनीला पाहुण्याच्याच जहाजातून एक अस्त्र आणायला पाठवतो. चौघांचा म्होरक्या रीड ते हातात धरतो, चालवत मात्र नाही. नुसत्या धाकावर पाहुणा निघतो, आणि जाता जाता दूताला पृथ्वीवर कायमचा अडकवून ठेवतो. हे शेवटचं फार महत्त्वाचं. पाहुणा गेला आणि घरात काहीच बदललं नाही, तर तो आला होता कशाला?

पाहुण्याला हरवायचं नसतं, वाटेला लावायचं असतं, हे नागपूरला कुणी शिकवायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत महाल-इतवारीतून निघते. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत लोक तिला गावाबाहेर नेतात. तिच्याशी कुणी कुस्ती खेळत नाही.

साचा बिघडतो तो दुसऱ्या फेरीला. दरवर्षी जेवायला येणाऱ्याला कुणी देव म्हणत नाही, त्याला जावई म्हणतात. मग धाक टिकवायला मोठा पाहुणा लागतो. १९८४ मध्ये त्याच कंपनीच्या, म्हणजे मार्व्हलच्या, गोष्टीत बियाँडर आला. त्याने वीर आणि खलनायक उचलून एका बनवलेल्या ग्रहावर नेऊन टाकले आणि लढा म्हणाला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या कंपनीचा, म्हणजे डीसीचा, अँटी-मॉनिटर आला, तो विश्वंच्या विश्वं गिळणारा. पृथ्वी संपवून झाली की विश्व, विश्व संपलं की सगळी विश्वं. या चढाओढीत समांतर जगांचं गोदाम उघडावंच लागतं, कारण पाहुण्याला वाढायला आणखी ताटं आणायची कुठून?

समांतर जगांची मूळ कल्पना मात्र साधी होती. १९६१ च्या सप्टेंबरात डीसीच्या ‘फ्लॅश’च्या १२३ व्या अंकात बॅरी ॲलन हा विजेच्या वेगाने धावणारा नवा फ्लॅश मुलांपुढे दोरीवर चढण्याची जादू करताना इतक्या वेगाने थरथरतो की दुसऱ्या पृथ्वीवर जाऊन पडतो. तिथे जे गॅरिक हा जुना फ्लॅश राहतो, ज्याच्या कॉमिक्स बॅरीने लहानपणी वाचल्या होत्या! कारण असं दिलंय की दोन्ही पृथ्व्या एकाच जागी आहेत, फक्त कंपनं वेगळी. रेडिओवाल्या घरात हे चटकन कळतं. एकाच खोलीत सगळी स्टेशनं एकाच वेळी भरलेली असतात, सुई फिरवाल ते वाजतं. जुन्या फ्लॅशच्या गोष्टी लिहिणारे गार्डनर फॉक्स यांची सुई झोपेत तिकडे लागत असे, असंही हा अंक सांगतो. आणि हा अंक लिहिलाय फॉक्स यांनीच. पुढे नंबर पडले तेव्हा आधी जन्मलेल्या वीरांची पृथ्वी ‘दोन’ झाली आणि नव्यांची ‘एक’. देशाचा मध्य दाखवणारा नागपूरचा झिरो माईलचा खांब जिथे रोवाल तिथून अंतरं मोजली जातात, त्यातलाच प्रकार.

इथे रेल्वेतले शब्द कामाला येतात. समांतर जगाची गोष्ट एकतर सांध्याची असते, नाहीतर क्रॉसिंगची. सांध्यावर एका रुळाचे दोन होतात. जयंत नारळीकरांच्या गोष्टीतल्या गंगाधरपंतांना जे पानिपत दिसलं ते असं. विश्वासरावांना गोळी लागली की हुकली, एवढ्यावर इतिहास फुटतो. ह्यू एव्हरेटने १९५७ मध्ये क्वांटम भौतिकीत मांडलेली अनेक जगंही याच जातीची, फक्त त्या सांध्यावरून मागे यायला रूळ नाही. क्रॉसिंग वेगळं. नागपूर स्टेशनाजवळच्या डायमंड क्रॉसिंगवर रूळ एकमेकांना छेदतात, पण तिथे सांधा नाही. सरळ आलेली गाडी सरळच जाते. चाकाची कड जावी म्हणून रुळात फट ठेवलेली असते, त्या फटीवर ठोका बसतो, आणि एक गाडी जाईपर्यंत आडवी येणारी सिग्नलला उभी राहते. बॅरीचं जग क्रॉसिंगचं. ठोका बसलाच पाहिजे आणि थांबायला मुक्काम नको.

बहुतेक गोष्टी फसतात त्या या दोहोंची खिचडी झाल्याने. मेलेला वीर शेजारच्या रुळावरून उचलून आणला की मरणाला वजन उरत नाही. डीसीने १९८५-८६ च्या बारा अंकी सफाईत सगळ्या पृथ्व्यांची एक पृथ्वी केली, आणि क्रॉसिंग उघडणारा बॅरीच आठव्या अंकात अँटी-मॉनिटरची तोफ मोडता मोडता गेला. हिशेब चोख होता. (पुढे त्यालाही परत आणला, ते सोडा.)

नागपुरी गोष्ट करायची तर सांधा तयारच आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७, सीताबर्डीची लढाई. अप्पासाहेब भोसले इंग्रजांशी जिंकले असं धरा. मग बसून यादी करायची, आळस चालत नाही. सांध्याआधीचं सगळं दोन्हीकडे तसंच राहील. भोसल्यांनी औरंगाबादेहून आणलेली संत्र्याची झाडं राहतील, महाल राहील. नंतरचं एकेक तपासायचं. १८५४ मध्ये संस्थान खालसा झालं, ते नाही. १८६७ मध्ये मुंबईहून आलेली रेल्वे कदाचित आलीच नसती, किंवा आली असती ती दुसऱ्याच वाटेने, म्हणजे डायमंड क्रॉसिंगही गेलं. हिवाळी अधिवेशन नाही, ‘वेगळा विदर्भ’ लिहिलेल्या भिंती नाहीत. आणि चार घोड्यांजवळचा तो इंग्रजांचा झिरो माईलचा खांब तर नाहीच नाही.

मग आकाशातून उतरणारा पाहुणा बरोबर मध्यावर उतरणार तरी कसा? इतवारीत कुणाला तरी पत्ता विचारेल. आणि पत्ता सांगणारा आधी विचारेल, ‘जेवून आले का भाऊ?’