माकडहाडाची शस्त्रक्रिया आणि विम्याचे अकरा दिवस

इमारतीच्या ओल्या जिन्यावरून घसरून मी पायरीच्या कडेवर आदळले, त्यानंतर सव्वा वर्ष मला धड बसता आले नाही. गोळ्या, मागच्या बाजूने कापलेली उशी, फिजिओथेरपी, दोन इंजेक्शने, सारे झाले. आडवे झोपवून काढलेल्या एमआरआयमध्ये विशेष काही आढळले नव्हते. अखेर एका सर्जननी उभे राहून आणि बसून असे बाजूचे दोन एक्स-रे काढायला लावले, तेव्हा बसताक्षणी माकडहाडाचे टोक जागचे सरकत असल्याचे दिसले आणि ते काढण्याचे ठरले.

इथवर सारे सुरळीत होते. कॅशलेस मंजुरीसाठी कागद गेले आणि विमा कंपनीने विचारले की, अपघात आहे तर एमएलसीची, म्हणजे रुग्णालयाने पोलिसांना कळवलेल्या अपघाताच्या नोंदीची, प्रत कुठे आहे. स्वतःच्या जिन्यावर पडलेला माणूस पोलिसांत नोंद करायला जातो का? मी स्वयंघोषणापत्र लिहून दिले. मग पहिल्या उपचाराचा कागद मागितला. तो होता, परंतु आमच्या फॅमिली डॉक्टरांनी त्यावर केवळ ‘कंबरदुखी’ असे लिहिले होते, पडल्याचा उल्लेखही नव्हता. त्यावरून हे दुखणे पॉलिसीपूर्वीचे असावे, अशी नवी शंका निघाली. रुग्णालयातील विमा कक्ष म्हणे उत्तर पाठवले, कंपनी म्हणे मिळालेच नाही. तेच घोषणापत्र मी तीनदा दिले, शस्त्रक्रियेची तारीख दोनदा पुढे गेली, आणि खिडकीपाशी उभ्या असलेल्या मला रोज ‘मॅडम, बसून घ्या’ असे सांगण्यात येत होते. अकराव्या दिवशी सर्जननी पडल्याची तारीख, आजवरचे उपचार आणि एक्स-रेतील निष्कर्ष पाच ओळींत लिहून दिला, तेव्हा संध्याकाळपर्यंत मंजुरी आली. ते पत्र पहिल्याच दिवशी मागून घ्यायला हवे होते, हे मला कोणीही सांगितले नाही. म्हणून पडल्यावर पहिल्याच चिठ्ठीवर ‘पडल्यामुळे’ हा शब्द आणि तारीख आग्रहाने लिहून घ्यावी.

शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. जखम गुदद्वाराजवळ असल्याने जंतुसंसर्गाची भीती मोठी असते. स्वच्छता आणि बद्धकोष्ठता टाळणे यांबाबत मी कसलीही हयगय केली नाही. काही आठवडे कुशीवरच झोपले. आराम मात्र महिन्यांच्या हिशेबाने पडतो. तिसऱ्या महिन्यात मी निराश झाले होते, आता आठव्या महिन्यात दीड तास सलग बसू शकते. उशी अजून गाडीत असते. आणखी एक राहिलेच: एक्स-रेच्या मूळ फिल्म कोणाकडेही ठेवू नयेत, माझ्या फिल्म विमा कक्षातून परत मिळवायला आणखी दोन खेपा पडल्या.