थेरपी सेंटर ठरवण्याआधी

आज दिवसभर पालकांचा एकच प्रश्न: ऑटिझम असलेल्या मुलाला बिहेवियर थेरपी कुठे लावायची?

फी नंतर विचारा. 'थेरपिस्ट' या पाटीवर जाऊ नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा विशेष शिक्षक असतील, तर भारतीय पुनर्वास परिषदेचा सीआरआर क्रमांक, म्हणजे परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीतला नोंदणी क्रमांक मागा.

मग लेखी उद्दिष्टं बघा. 'लक्ष वाढवणे' मोजता येत नाही. 'पाणी हवं असेल तर 10 पैकी 8 वेळा चित्र दाखवून मागेल' हे मोजता येतं. अशा नोंदी प्रत्येक सेशनला व्हायला हव्यात, नाहीतर सहा महिने पैसे भरूनही काय बदललं ते कळत नाही.

आणि दार बंद करून पालकांना कायम बाहेर बसवतात? तिथे मूल ठेवूच नका. घरी तेच तंत्र वापरलं नाही, तर शिकलेलं सेंटरमध्येच राहतं. 'बरा करतो' म्हणणाऱ्यांकडून तर लगेच उठा.